कोलेस्टेरॉल आले कोठून?

घरात अंडे-मांस कधी शिरले नाही, तरी रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेले दिसते, तेव्हा पेढीवर बसणारा गृहस्थ चकित होतो. वस्तुतः शरीरातील बहुतांश कोलेस्टेरॉल ताटातून येतच नाही. यकृतासह इतर पेशी ते स्वतः घडवितात.

त्याचा हिशेब पेशीकेंद्रकालगत ठेवला जातो. केंद्रकाचे बाह्य पटल आणि त्याभोवतीचे पटलजाळे अखंड जोडलेले असते. तेथे कोलेस्टेरॉल मुळातच अल्प. ते कमी पडले की जाळ्यातील एका प्रथिनाचा तुकडा केंद्रकात शिरून दोन हुकूम देतो: कोलेस्टेरॉल घडविणारे विकर वाढवा, आणि रक्तातील एलडीएल उचलणारे ‘ग्राही’ही वाढवा. जाळ्याच्या मेदात कोलेस्टेरॉलचा वाटा सुमारे ५ टक्क्यांवर गेला की दोन्ही हुकूम थांबतात. रक्तात माल पडून राहतो. उचलणारे गिऱ्हाईकच घटलेले असते! कोलेस्टेरॉलचे हे नियमन उलगडणाऱ्या मायकेल ब्राऊन व जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

धमनीच्या भिंतीतील भक्षक पेशींवर याहून कठीण प्रसंग येतो. अतिरिक्त कोलेस्टेरॉलने त्यांचे पटलजाळे ताठर होते, त्यातील कॅल्शियम आत ओढणारे विकर मंदावते आणि अखेर पेशी मरते.

साजूक तूप, वनस्पती तूप, पामतेल शुद्ध शाकाहारीच. परंतु त्यांतील संपृक्त मेद यकृतातील ग्राही घटवितो. स्टॅटिनची गोळी घडविणाऱ्या विकरालाच अडविते. मग पेशीला टंचाई जाणवते आणि ग्राही पुन्हा वाढतात. अहवाल सुधारताच ती मनाने बंद करणाऱ्यांचे विकर मात्र लगेच पूर्ववत कामाला लागते.