झांकलें माणिक

शिष्याचा लौकिक वाढला कीं गुरूचें नांव मागें पडतें, हें आम्हां शिक्षकांस नवीन नाहीं. हिराबाई बडोदेकरांचें गाणें आमच्या घरीं वर्षानुवर्षें वाजलें. परंतु त्यांस आरंभीं तालीम देणारे त्यांचे थोरले बंधु सुरेशबाबू माने (१९०२–१९५३) यांची एकहि तबकडी आमच्या संग्रहीं नव्हती. साठी उलटल्यावर एका स्नेह्याकडे ती ऐकिली आणि स्वतःच्या अज्ञानाची लाज वाटली.

खांसाहेब अब्दुल करीमखां यांचे हे पुत्र. माणिक वर्मा, प्रभा अत्रे ही मंडळी यांच्याच हाताखालीं शिकली. जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटें मिळत. तेवढ्यांतहि हा गवई घाई करीत नाहीं; किराणा घराण्याच्या रीतीस अनुसरून एकेक स्वर शांतपणें उलगडीत जातो. चमत्कृतीस सोकावलेल्या कानांस तें प्रथम फिकें वाटेल. म्हणून दोनदां ऐकावें.

आज हें गाणें घरबसल्या ऐकावयास मिळतें. दिवेलागणीनंतर मुलांबाळांसह दहा मिनिटें त्यास द्यावींत, एवढीच वाचकांस विनंती. ऋषिऋण अध्ययनानें फिटतें असें शास्त्र सांगतें. गायकाचें ऋण श्रवणानें फिटावें.