मुलं कुठे चुकतात, हे बाईंना माहीत असतं

माध्यमिक शाळेतल्या शिक्षकांशी हल्ली बोलायला बसलं की एक गोष्ट हमखास निघते. वहीतला निबंध निर्दोष असतो, पण त्याच मुलाला उभं करून त्याच विषयावर चार वाक्यं बोलायला सांगितलं की तोंडातून शब्द फुटत नाही. तयार उत्तरांची गाईडं पूर्वीही होती. पण गाईडातलं उत्तर साऱ्या वर्गाचं सारखंच निघायचं आणि लगेच ओळखू यायचं. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२मध्ये आलं आणि प्रत्येक वहीत वेगळं उत्तर दिसू लागलं.

मग बंदी घालावी का? न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी जानेवारी २०२३मध्ये घातली आणि मे महिन्यात उठवली. या वादापेक्षा मला तुर्कस्तानातल्या एका शाळेत त्याच वर्षी झालेला प्रयोग फार मोलाचा वाटतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी नववी ते अकरावीच्या सुमारे हजार मुलांचे गणिताच्या सरावासाठी तीन गट केले. एका गटाकडे फक्त वही-पुस्तक होतं. दुसऱ्याला नेहमीसारखा, विचारलं की उत्तर देणारा एआय दिला. तिसऱ्यालाही एआयच दिला, पण उत्तर न सांगता इशारे देणारा. सरावात दुसऱ्या गटाची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, तिसऱ्याची १२७ टक्क्यांनी. मग एआय काढून घेऊन परीक्षा घेतली. दुसरा गट वही-पुस्तकवाल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. तिसऱ्या गटाचं असं नुकसान झालं नाही, मात्र तो पुढेही गेला नाही. आणि आपण मागे पडलोय, हे दुसऱ्या गटातल्या मुलांना जाणवलंही नव्हतं. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याची.

तिसरा गट वाचला कशामुळे? यंत्र तेच होतं. फरक एवढाच की त्याला प्रत्येक गणिताचं बरोबर उत्तर, मुलं नेहमी कुठे चुकतात आणि अशा वेळी कोणता इशारा द्यावा, हे आधी सांगून ठेवलं होतं. ही माहिती शिक्षकांकडून आलेली होती.

आपल्या शाळांसाठी मला यातलं हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ०.२५ ही संख्या ०.५पेक्षा मोठी, कारण पंचवीस पाचापेक्षा मोठे, असं मुलं ठामपणे सांगतात. एक चतुर्थांश हा एक द्वितीयांशापेक्षा मोठा, कारण चार दोनापेक्षा मोठे. वर्षानुवर्षं वह्या तपासलेल्या बाईंना हे पाठ असतं, आणि कोणतं मूल यातल्या कोणत्या पायरीवर अडलंय तेही त्यांना ठाऊक असतं. म्हणून एआय आधी त्यांच्या हाती द्यायला हवा. दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळेत एका खोलीत दोन-दोन इयत्ता बसतात. तिथे एकाच उताऱ्याची सोपी आणि अवघड अशी दोन रूपं, किंवा गावच्या आठवडी बाजारातल्या भावांवरची दहा शाब्दिक उदाहरणं मिनिटांत तयार झाली, तर बाईंचा मोठा भार हलका होईल. मात्र प्रत्येक ओळ त्यांनी तपासूनच वर्गात न्यावी, कारण हे यंत्र चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतं.

मुलांच्या बाबतीत मी कडक आहे. निबंधाचा पहिला कच्चा खर्डा वर्गातच, पेनाने, स्वतःच्या डोक्यातून उतरायला हवा. शुद्धलेखनाला किंवा एखादी शंका विचारायला यंत्र त्यानंतर. युनेस्कोने २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत वर्गातल्या वापरासाठी किमान १३ वर्षं वयाची मर्यादा सुचवली आहे. घरीही ती पाळायला हरकत नाही.

केंद्र सरकारने २०२६-२७पासून तिसरीपासूनच एआय शिकवायचं जाहीर केलं आहे. शिक्षकांना सर्वेक्षणं, निवडणूक याद्या आणि ऑनलाइन माहिती भरण्यातून सवड मिळाली नाही, तर हे शिकवायचं कोणी? पुढच्या पालक सभेत गुणपत्रिकेसोबत एवढं जरूर विचारा: एआय शिकायला, तपासायला आणि वर्गासाठी तयार करायला आमच्या बाईंना आठवड्यातून किती तास मोकळे दिले आहेत?