विश्लेषण : धाराशिव की उस्मानाबाद? सर्च बॉक्स नवे नाव कसे शिकतो?

उस्मानाबाद शहराच्या धाराशिव या नामांतराला केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचेही नाव बदलले आणि ८ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरोधातील याचिका फेटाळल्या. पाट्या बदलल्या, पण पीक विम्याची यादी, भरतीची जाहिरात किंवा जुना फेरफार शोधणाऱ्याने सर्च बॉक्समध्ये कोणते नाव टाइप करायचे?

सूचना येतात कुठून?

पहिल्या अक्षरांवरून शब्द शोधणे सोपे. त्यासाठी ‘ट्राय’ ही झाडासारखी रचना पुरते. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी ती आम्ही सगळ्यांनीच गिरवली. खरी कसोटी क्रमवारीची. ‘धार’ एवढेच लिहिले तर धारावी, धारवाड, धाराशिव आणि मध्य प्रदेशातले धार असे सगळेच दावेदार. जास्त शोधलेला शब्द वर, हा जुना निकष लावला तर धारावीपुढे आपला टिकाव लागणे कठीण. म्हणून गूगलसारखे सर्च इंजिन लोकप्रियतेबरोबर भाषा, ठिकाण, ताजा कल आणि त्या व्यक्तीचे आधीचे शोधही विचारात घेते.

नवे नाव मागे का राहते?

वर्षानुवर्षांच्या नोंदी जुन्या नावाच्या आहेत. शिवाय जे वर दिसते त्यावरच बोट पडते आणि तो क्लिक पुन्हा त्याच शब्दाच्या खात्यात जमा होतो. हे चक्र तोडायचे तर जुन्या शोधांचे वजन काळानुसार घटवावे लागते आणि दोन्ही नावे एकाच जिल्ह्याची आहेत हे यंत्रणेला सांगावे लागते. रोमन लिपीत ‘शिव’च्या शेवटी कोणी ‘व्ही’ लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’. तेही जोडावे लागते.

मग सरसकट बदल का नको?

कारण लोकसभा मतदारसंघाचे नाव २०२४ च्या निवडणुकीतही उस्मानाबादच होते. २०११ च्या जनगणनेचे तक्ते त्याच नावाने आहेत. आणि शेळी? ती जात ‘उस्मानाबादी’ म्हणूनच ओळखली जाते. शेळीपालनाची माहिती शोधणाऱ्याला ‘धाराशिवी शेळी’ सुचवून काहीच हाती लागणार नाही. नावाच्या वादात बाजू घेणे हे सर्च बॉक्सचे काम नाही. ‘उस्मा’ लिहिणाऱ्यालाही जिल्ह्याची आजची जाहिरात मिळाली पाहिजे, ‘धारा’ लिहिणाऱ्यालाही जुना दस्त सापडला पाहिजे.

सुधारणा झाली हे कसे कळते?

हवी ती सूचना पहिली आली तर १ गुण, दुसरी आली तर ०.५, चौथी आली तर ०.२५; सगळ्या शोधांची सरासरी म्हणजे ‘मीन रेसिप्रोकल रँक’. किती अक्षरे टाइप करावी लागली, तेही मोजतात. मात्र राज्यभराची एकच सरासरी काढली तर मुंबई-पुण्याच्या शोधांखाली भूम, परंडा, कळंबचे शोध झाकले जातात. एकूण आकडा सुधारलेला दिसतो आणि इथल्या माणसाला पूर्ण नाव टाइप करावेच लागते. नामांतर झालेल्या जिल्ह्यांची मोजणी म्हणूनच वेगळी करायला हवी. अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगरचीही गत हीच आहे.