आरंभीची शिल्लक

‘प्रगतिपुस्तक’ ह्या शब्दाइतका फसवा शब्द मराठीत दुसरा नसेल. (संपादकांचा ‘साभार परत’ सोडून.) पुस्तक म्हणावं तर तो चार पानी पुठ्ठा, आणि प्रगती म्हणावी तर तिचा आत पत्ताच नसतो. गणित ४२, इतिहास ५५, वजन ३१ किलो, पालकांची सही. ह्यावरून पोरगं पुढे गेलं की मागे आलं, हे कळायचं कसं? आमच्या बँकेच्या भाषेत ही नुसती अखेरची शिल्लक झाली. एखाद्याच्या खात्यावर हजार रुपये आहेत म्हणजे त्याने पै-पै करून ते जमवले, की लाखाचे उडवून एवढेच उरले, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. त्यासाठी आरंभीची शिल्लक बघावी लागते. वीस वर्षं काउंटरमागे बसून मी लोकांना हेच सांगतो आहे. शाळांना मात्र कुणी सांगत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या वेळी निकाल १ मेला लागायचा. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झालं, तेव्हा पुढे ह्याच दिवशी घरोघरी सकाळी झेंडावंदन आणि दुपारी पाठपूजा होईल, अशी कल्पना कुणाला असेल असं वाटत नाही. वर्गात पहिला, दुसरा, तिसरा असे तीन नंबर. उरलेले पन्नास-पंचावन्न जण म्हणजे ‘वगैरे’. आता हिशेब बघा. एका पोराला सहामाहीत १८ मार्क, वार्षिकला ३४. दुसऱ्याला सहामाहीत ९२, वार्षिकला ८८. ज्याने सोळा कमावले त्याच्या नावाखाली लाल रेघ, आणि ज्याने चार घालवले त्याला टाळ्यांच्या कडकडाटात स्टीलचा डबा! असा हिशेब आमच्या शाखेत कुणी लिहिला असता, तर ऑडिटरने त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता.

हे चुकतंय, हे सरकारच्याही लक्षात आलं. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. (तारखेत कुणी गर्भितार्थ शोधू नये. आर्थिक वर्ष त्याच दिवशी सुरू होतं.) आठवीपर्यंत नापास करणं बंद, आणि परीक्षेच्या जागी ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ आलं. हे नाव न अडखळता म्हणणाऱ्या मुलाला खरं म्हणजे तिथेच ‘अ’ श्रेणी द्यायला हवी होती. पण चेष्टा बाजूला ठेवू. कल्पना चांगली होती. शिक्षकाने वर्षभर प्रत्येक मुलाकडे बघायचं आणि जे दिसेल ते शब्दांत लिहायचं. ह्याला म्हणायचं ‘वर्णनात्मक नोंदी’.

झालं! बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली. मग पंचेचाळीस मुलं, आणि पंचेचाळीस वेळा ‘गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो’. आमच्या चिरंजीवांबद्दलही हेच लिहून आलं. हे गृहस्थ घरात पाण्याचं भांडं उचलायच्या कार्यातही सहभागी होत नाहीत!

पुढे २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षा आपल्याकडे परत आल्या. मधल्या काळात, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३६० अंशांचं प्रगतिपुस्तक सुचवलं. त्यात मूल स्वतःचंही मूल्यमापन करणार, आणि सोबत्यांचंही. विचार उत्तम. फक्त ३६० अंशांत फिरलेला माणूस होता तिथेच परत येतो, एवढं गणितात ४२ असलेल्यालाही ठाऊक असतं.

आता नवी टूम म्हणजे सर्वांना प्रमाणपत्र. वर्षअखेरीला समारंभ, आणि प्रत्येक मुलाच्या हातात सोनेरी काठाचा कागद. शेजारच्या पोराला ‘बेस्ट स्माइल’ मिळालं. मी म्हटलं, “वा रे पठ्ठ्या!” तो म्हणाला, “काका, ज्याला काहीच येत नाही ना, त्याला स्माइलचं देतात.” आणि हसला. हसणं खरोखरच चांगलं होतं हो, पण ते मला बघवेना.

माझं भांडण आहे ते इथे. मोठ्यांना वाटतं, मुलांना कळत नाही. मुलांना सगळं कळतं. सगळ्या खात्यांवर एकाच दिवशी सारखेच दहा रुपये जमा केले, तर श्रीमंत कुणीच होत नाही, फक्त दहा रुपयांची किंमत जाते.

“म्हणजे तुम्हाला पुन्हा ते पहिले तीन नंबर हवेत?” मुळीच नकोत! प्रत्येक मुलाची वाढ नोंदली गेलीच पाहिजे. पण नोंदली गेली पाहिजे, वाटली नव्हे. जूनमध्ये एक ओळ लिहा, एप्रिलमध्ये एक. ‘जूनमध्ये वाचायला उभी केली की रडायची. आता सात ओळी वाचते, दोनदा अडखळते.’ ‘हातच्याची वजाबाकी येत नव्हती, दिवाळीनंतर आली.’ ही वाक्यं बाजारच्या कुठल्याच पुस्तकात मिळायची नाहीत, कारण ती एकाच मुलाची आहेत. आणि मूल जूनमध्ये होतं तिथेच राहिलं असेल, तर तेही लिहा. खोट्या जमेपेक्षा खरी बाकी बरी.

हे लिहायचं कुणी? शिक्षकांनीच. पण त्यांना मूल दिसायला तर हवं! कायद्यात पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे, पुढे पस्तिसांमागे एक. त्याच कायद्याचं २७ वं कलम म्हणतं, शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपू नये. अपवाद जनगणना, आपत्ती आणि निवडणुका. आपल्या देशात ह्यांतलं एकही चालू नाही असा महिना दाखवा! मतदारयादीतली हजार नावं तपासून आलेल्या बाईंनी पंचेचाळीस मुलांची जूनमधली अवस्था आठवायची, आणि नाही आठवली की आपण त्यांनाच नावं ठेवायची!

आणि आपण पालक तरी काय करतो? पुठ्ठा हातात पडला की पहिला प्रश्न, “समोरच्यांच्या पोराला किती?” माझं ऐका, त्या दिवशी मुलाला एवढंच विचारा, “जूनमध्ये येत नव्हतं असं आता काय येतं?” उत्तर ऐका आणि मगच सही करा. समोरच्यांच्या खात्यावर किती आहे, हे आमच्या बँकेतसुद्धा आम्ही कुणाला सांगत नाही. नियमच आहे तसा.