“म्हणजे फिजिओच ना?”

मैत्रिणींनो, माझी पुतणी मुंबईला ऑक्युपेशनल थेरपी शिकते. सुट्टीत मेढ्याला आली, की एस.टी. स्टँडपासून घरापर्यंत हाच प्रश्न. कुणी गुडघा पुढे करतं, कुणी मालिशचं तेल विचारतं. पहिल्या वर्षी बिचारी समजावून थकायची. दुसऱ्या वर्षी “हो, तसंच काहीतरी” म्हणून मोकळी होऊ लागली. आणि दोष तिचाच कसा म्हणू? “मेडिकलला नंबर लागला नाही, म्हणून हे घेतलं,” असं मीच शेजारी सांगितलं होतं. ती आतल्या खोलीत ऐकत होती.

मराठी नावही घोटाळ्याचंच, व्यवसायोपचार! ऐकणाऱ्याला वाटतं, नोकरीधंदा लावून देणारं खातं. इथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर करतो ते सारं. वेणी घालणं, जेवणं, भाजी निवडणं, लहान मुलाचं खेळणंसुद्धा.

या विद्येचं आपल्या सातारा जिल्ह्याशी नातं आहे बरं का! फलटणच्या ‘कमला निंबकर बालभवन’ शाळेला ज्यांचं नाव दिलंय, त्या कमलाबाई मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. निंबकरांशी लग्न करून इकडच्या झाल्या. चाळिशी उलटल्यावर, संसारी बाई, अमेरिकेत जाऊन ही विद्या शिकून आल्या आणि १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात देशातलं तिचं पहिलं विद्यालय काढलं. १९५२ मध्ये जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. हे पुतणीनेच मला सांगितलं, जरा ठसक्यात. मला बरं वाटलं.

यंदा ती शेजारच्या आजींना भेटायला गेली. अर्धांगाने त्यांचा उजवा हात गेलेला. मला वाटलं, हात धरून वरखाली करील. ती खाली बसली न् विचारलं, “आजी, कोणतं काम अडतं तुमचं?” आजींच्या डोळ्यांत पाणी. “पोलकं सून घालते गं. लाज वाटते.”

मग तिने दाखवलं. घालताना अधू हाताची बाही आधी, काढताना ती शेवटी. तो हात धरून माणसाला कधी ओढून उठवायचं नाही, खांदा दुखावतो. चमच्याच्या दांड्याला सुती पट्टी गुंडाळून जाड केला, ताटाखाली ओलं फडकं घातलं, म्हणजे ताट सरकत नाही. सुनेला म्हणाली, “वहिनी, वेळ लागू दे, पण हात घालू नका.” आणि निघताना, “मी अजून शिकतेय हं. साताऱ्याला थेरपिस्टला एकदा दाखवून घ्याच.” हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं.

आठ दिवसांनी आजींनी स्वतः पोलकं घातलं. चांगली वीस मिनिटं लागली. मी लगेच मुंबईला फोन लावला. आनंद बाजूलाच, बाईसाहेबांचा पहिला प्रश्न, “काकू, हुक कुणी लावले?”

सुनेने लावले होते.

“मग चिकटपट्टी लावून बघू या. पुढच्या शनिवारी येते.”