जुन्या गाडीचा इतिहास मागा!

रेल्वेच्या डब्याची मोठी दुरुस्ती कोणत्या कारखान्यात आणि कधी झाली, हे डब्याच्या अंगावरच लिहिलेले असते. स्पीड पोस्टाच्या टपालाची टप्प्याटप्प्यावर नोंद होते. अशा नोंदी ठेवणारे आमचे कर्मचारी बंधू-भगिनी मात्र पतपेढीचे कर्ज काढून जुनी मोटार घेतात ती दलालाच्या शब्दावर! ‘एकाच मालकाची गाडी, धक्कासुद्धा लागलेला नाही,’ एवढ्यावर व्यवहार ठरतो.

मुंबईत २००५ साली आणि चेन्नईत २०१५ साली पुरात असंख्य गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊनपुसून चकचकीत करता येते. वायरिंगचा गंज काही महिन्यांनी बाहेर येतो. तोवर पैसे देऊन झालेले असतात.

म्हणून कागद आधी, रंग नंतर. आर. सी. बुकावर कर्जाचा बोजा आहे का, ते पाहा. विम्याची मुदत परिवहन खात्याच्या ‘वाहन’ नोंदीत व थकलेला दंड ई-चलनाच्या नोंदीत तपासा. मागील विमा पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस शून्य असेल तर कारण विचारा, कदाचित अपघाताचा दावा झालेला असेल. सर्व्हिसिंगची बिले मीटरच्या आकड्याशी ताडून पाहा.

विकणाऱ्यानेही गाफील राहू नये. बिले जपून ठेवली तर रास्त भाव मागता येतो. बदली होऊन परराज्यात जाताना घाईत गाडी विकणाऱ्यांनी तर नाव बदलून घेतल्याची खात्री करावीच. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

परंतु सारा भार ग्राहकावर टाकून चालणार नाही. अपघाताची खरी माहिती विमा कंपन्यांच्या दप्तरात असते आणि खरेदीदाराला ती सहजासहजी मिळत नाही. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने अशा माहितीच्या राष्ट्रीय नोंदीची तरतूद केली. निकामी ठरवलेल्या गाड्या विमा कंपन्यांना तेथे कळवाव्याच लागतात. आपल्याकडेही ‘वाहन’ नोंदीत ही माहिती आलीच पाहिजे, अशी आमची मागणी आहे. कष्टाच्या पैशाने घेतलेल्या गाडीचा इतिहास जाणून घेणे हा कामगाराचा हक्क आहे. ती कुणाची मेहेरबानी नव्हे.