सवलतीतली रेड वाईन आणि आपण

मैत्रिणींनो, उन्हाळा लागला की मोबाईलवर कूलरच्या, आंब्याच्या पेट्यांच्या जाहिराती सुरू होतात. आता त्यांच्या जोडीला आणखी एक मेसेज फिरतो. ‘प्रीमियम रेड वाईन, भरघोस सवलतीत, या उन्हाळ्यात एकदा चाखून बघाच!’ आमच्या देवळाली प्रवरातल्या भिशीच्या ग्रुपवर तो कुणाच्या तरी पुण्याच्या सुनेकडून आला आणि दुपारभर चर्चा रंगली. फळाचा रसच तर असतो, हृदयाला चांगली म्हणतात, शेतकऱ्याचंही भलं होतं. एकीने सरळच विचारलं, “ताई, वाईन म्हणजे दारू नव्हे ना?”

दारूच आहे, बायांनो. कोणी प्यावी, कोणी पिऊ नये हे सांगायला मी बसलेली नाही. सज्ञान माणसाने आपलं ठरवावं. पण जे आहे त्याला त्याच्या नावाने हाक मारावी एवढाच माझा आग्रह आहे.

बचत गटाच्या कामामुळे माझं घरोघरी जाणं असतं. एका बाईच्या नवऱ्याने मोठ्या थाटात जाहीर केलं, “दारू सोडली, आता फक्त वाईन.” तिने हौसेने शेजारीपाजारी साखर वाटली. वाईनची बाटली मात्र एका बैठकीत रिकामी व्हायला लागली. आता हिशेब बघा. बाटली ७५० मिलीची, त्यात अल्कोहोल साधारण १३ टक्के, म्हणजे जवळपास ९७ मिली. व्हिस्कीची क्वार्टर १८० मिलीची, त्यात ४२.८ टक्के, म्हणजे सुमारे ७७ मिली. म्हणजे दारू ‘सोडल्यावर’ गड्याच्या पोटात आधीपेक्षा जास्त जात होती! दूधवाल्याचा हिशेब पै-पैचा ठेवणाऱ्या आपण, हा हिशेब आपल्याला कुणी सांगितलाच नव्हता.

गंमत बघा, आपल्याकडे गावोगावी ‘वाईन शॉप’च्या पाट्या आहेत. तिथे व्हिस्की, रम, बिअर सगळं मिळतं आणि वाईन असली तर कोपऱ्यात धूळ खात. त्या दुकानासमोरून जाताना आपण पदर सावरून पावलं उचलतो. तीच बाटली उद्या तूरडाळ आणि साबणाच्या शेजारी आली तर? २७ जानेवारी २०२२ ला राज्य मंत्रिमंडळाने तसा निर्णय घेतलाही होता. शंभर चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटमध्ये वेगळं कपाट करून वाईन विकायची. कारण दिलं शेतकऱ्याचं. आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, राज्यभर गदारोळ झाला आणि तो निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही.

शेतकऱ्याचं म्हणाल, तर मी स्वतः शेतकऱ्याच्या घरातली. द्राक्षापासूनच्या वाईनला २००१ च्या धोरणाने उत्पादन शुल्कात माफी दिली, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले, पुढे व्हॅटचा मोठा भाग कारखानदारांना परत देण्याची योजना आली. म्हणजे दुकानातल्या सवलतीच्या आधीच एक सवलत सरकारी तिजोरीतून गेलेली असते. काही बागायतदारांना करारावर चांगला भाव मिळाला, हे खरं. पण वाईनची द्राक्षं वेगळी असतात, शिराझ, कॅबरने अशा नावांची. आपल्याकडची बहुतेक द्राक्षं खायला आणि बेदाण्याला जातात. आणि आपल्या राहुरी तालुक्यातल्या ऊसवाल्याला त्या बाटलीतून काय मिळणार? द्राक्षवाल्याला हातभार लावायचाच असेल तर पाव किलो बेदाणे घ्या, शिऱ्यात घाला.

हृदयाची गोष्ट १९९० च्या दशकात गाजली. फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही त्यांना हृदयविकार कमी, तो रेड वाईनचा प्रताप, असं म्हटलं गेलं. द्राक्षाच्या सालीतल्या रेसव्हेराट्रॉलचं कौतुक झालं. ते तर अख्ख्या द्राक्षात आणि आपल्या शेंगदाण्यातही असतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. मद्य हे कर्करोगाचं कारण म्हणून १९८८ पासूनच पहिल्या गटात नोंदलेलं आहे, तंबाखूच्या पंगतीत. बायकांनी लक्षात ठेवावं असं म्हणजे, थोड्या पिण्यानेही स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ‘हृदयाला चांगली’ म्हणणारे हे सांगत नाहीत.

आणि उन्हाळ्यातच का हो ही सवलत? रेड वाईनला थंड, अंधारी जागा लागते, पंधरा अंशांच्या आसपास. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या गोदामात, टेम्पोत तापलेली बाटली आतून बिघडते, चव शिजल्यासारखी लागते. बूच वर आलेलं किंवा पाझरलेलं दिसलं तर ओळखावं. सगळ्याच सवलतीत खोट असते असं नाही, पण साडीच्या सेलमध्ये आपण पदर उलटून बघतोच ना? ‘प्रीमियम’ हा शब्द तर हल्ली अगरबत्तीवरही असतो. आणि उन्हाने घसा कोरडा पडलाय म्हणून वाईन घेणं हा शुद्ध वेडेपणा. दारूने शरीरातलं पाणी आणखी कमी होतं. तहानेला माठातलं पाणी, ताक, पन्हं. ज्यांना तरीही चाखायचीच आहे त्यांनी उपाशीपोटी नको, झोपेच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असताना नको, आणि पोटात बाळ असेल तर एक घोटही नको.

आणखी एक सांगते, कारण बऱ्याच जणींना ते माहीतच नसतं. गावातलं दारूचं दुकान बंद करायची सोय आपल्या हातात आहे. २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की मतदान घेता येतं, उभी बाटली की आडवी बाटली. निम्म्याहून जास्त बायकांनी आडवी केली की दुकान बंद. पण ही निम्मी यादीतल्या सगळ्या बायकांची, आलेल्यांची नव्हे. म्हणजे जी त्या दिवशी कांदे काढायला रानात गेली, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला गेल्यासारखंच. हे सगळं करताना ‘वाईन वेगळी, दारू वेगळी’ ही पळवाट आपणच काढून दिली, तर मग कशासाठी गोळा करायच्या सह्या?

मेच्या सुट्टीत नाशिकच्या वायनरीची सहल काढणाऱ्यांना मात्र एक सल्ला. एप्रिलमध्ये बागांची खरड छाटणी होते, त्यामुळे मेमध्ये वेलीवर एकही घड दिसत नाही. द्राक्षं बघायची, खायची असतील तर फेब्रुवारीत जा.